विश्लेषण : डाऊन सिंड्रोम – पंचविशीतले आयुष्य साठीपर्यंत कसे पोहोचले?

अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते. आज ते ६० च्या घरात आहे. या चार दशकांत डाऊन सिंड्रोम बरा करणारे एकही औषध निघालेले नाही. पेशीतले जादा गुणसूत्र काढून टाकण्याचा मार्गही डॉक्टरांकडे नाही. तरीही आयुष्य दुपटीहून अधिक वाढले. दरवर्षी २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन साजरा होतो, त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालण्याची टूम आपल्याकडच्या शाळांतही आली आहे. मोज्यांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकून झाल्यावर ही वाढीव ३५ वर्षे आली कुठून, हे पाहायला हवे. त्या उत्तरातच आपल्याकडे काय करायचे राहिले आहे, हेही दडलेले आहे.

एक गुणसूत्र जास्त असले तर काय होते?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. जागतिक दिनासाठी तिसऱ्या महिन्याची २१ तारीख निवडली गेली ती यामुळेच. २००६ पासून हा दिवस पाळला जातो आणि २०१२ पासून त्यामागे संयुक्त राष्ट्रांची मान्यता आहे.

एकविसावे गुणसूत्र माणसाच्या गुणसूत्रांत सर्वांत लहान. त्यावर प्रथिने तयार करणारी दोनशे ते तीनशे जनुके आहेत. मोठ्या गुणसूत्रांची जादा प्रत आली तर बहुतेक गर्भ टिकतच नाहीत. एकविसावे लहान असल्याने बाळ जगते. या जनुकांत बिघाड नसतो, त्यांची मात्रा मात्र दीडपट होते. त्याचा परिणाम शरीरावर सर्वत्र दिसतो, पण प्रत्येकात सारखा दिसत नाही. डोळे किंचित तिरके, नाक बसके, कान लहान, मान आखूड आणि स्नायूंत सैलपणा ही साधारण ओळख. बाळ उचलले की ते हातातून घरंगळेल की काय असे वाटते, आणि अनुभवी परिचारिकेला पहिली शंका येते ती अनेकदा यावरूनच. तळहातावर एकच आडवी रेघ हेही एक लक्षण सांगितले जाते, पण अशी रेघ असलेली कितीतरी माणसे आपल्या आजूबाजूला असतात. त्यामुळे घरी बसून बाळाचे तळहात तपासण्यात अर्थ नाही. निदान पक्के होते ते रक्ताच्या ‘कॅरिओटाइप’ तपासणीने.

या तपासणीच्या अहवालात प्रकार लिहिलेला असतो आणि पालकांनी तो जरूर पाहावा. सुमारे ९५ टक्के मुलांत तिसरे गुणसूत्र सुटे असते. तीन ते चार टक्क्यांत ते दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेले असते, त्याला ‘ट्रान्सलोकेशन’ म्हणतात. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ गुणसूत्रे असतात. ट्रान्सलोकेशन असेल तर आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असूनही वाहक असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या मुलाचा विचार करण्यापूर्वी दोघांची तपासणी आणि जनुकीय समुपदेशन गरजेचे ठरते.

दोष कोणाचा?

घरात असे मूल जन्मले की प्रश्नांची पहिली सरबत्ती सुनेवर होते. ग्रहणात काही चिरले होते का, गरोदरपणी काय खाल्ले, कोणत्या गोळ्या घेतल्या, माहेरी कोणी असे होते का? यातल्या कशाचाही या स्थितीशी संबंध नाही.

मुलीची सगळी स्त्रीबीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट सोडून थांबतात. ते विभाजन पुरे होते ते वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. इतका काळ गुणसूत्रांच्या जोडीला धरून ठेवणारी बांधणी हळूहळू सैल होते आणि वेगळे होण्याच्या वेळी जोडी कधी कधी एकत्रच एका बाजूला जाते. बहुतेक वेळा हे असे घडते. काही वेळा हीच चूक शुक्राणू तयार होताना होते, पण त्याबद्दल वडिलांना कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

आईचे वय वाढते तसा संभव वाढतो, हे खरे आहे. पंचविशीत तो साधारण १,२०० जन्मांत एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असा असतो. तरीही डाऊन सिंड्रोम असलेली बहुतांश मुले पस्तिशीच्या आतल्या आयांच्या पोटी जन्मतात, कारण मुळात बहुतांश बाळंतपणेच त्या वयात होतात. भारतात दरवर्षी २३ ते २९ हजार बालके डाऊन सिंड्रोमसह जन्मतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे खरे आहे का?

नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळच्या कोव्हा नेग्रा गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल बालकाच्या कानाच्या हाडाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आतल्या कानाची ठेवण डाऊन सिंड्रोमशी जुळणारी होती. संशोधकांनी त्या बालकाचे नाव ठेवले ‘टीना’. टीनाला नीट ऐकू येत नसणार, तोलही जात असणार. तरी ती किमान सहा वर्षांची होईपर्यंत जगली. शिकारीवर जगणाऱ्या, सतत भटकणाऱ्या टोळीत असे मूल एकट्या आईच्या बळावर सहा वर्षे तगणे कठीण. टोळीतल्या इतरांनी हातभार लावला असणार, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. निअँडरथल नामशेष झाले त्याला सुमारे ४० हजार वर्षे होऊन गेली.

त्याच वर्षी प्राचीन सांगाड्यांतील डीएनए तपासणाऱ्या दुसऱ्या एका गटाला डाऊन सिंड्रोम असलेली सहा बालके आढळली. त्यातली काही स्पेनमधल्या लोहयुगातील वस्त्यांत घराच्या जमिनीखाली पुरलेली होती आणि एकासोबत कांस्याची कडी ठेवलेली होती. तान्ह्या वयात गेलेल्या लेकराला घरातच जागा देणारी ही माणसे त्याला अपशकुनी मानत नसावीत.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी ही मुले दिसत नसत, कारण त्यातली बरीच हृदयविकाराने किंवा न्यूमोनियाने पहिल्या काही वर्षांतच जात. जी जगत, ती पाहुणे आले की आतल्या खोलीत जात.

‘डाऊन’ हे नाव आले कुठून?

इंग्रजीतल्या ‘डाऊन’ या शब्दाचा, म्हणजे खाली किंवा कमी असण्याचा, या नावाशी संबंध नाही. ते एका डॉक्टरचे आडनाव आहे. इंग्लंडमधील अर्ल्सवूड येथील संस्थेचे अधीक्षक जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या व्यक्तींचे वर्णन प्रथम नीटपणे मांडले. मांडताना त्यांनी मोठी चूक केली. चेहऱ्याची ठेवण पाहून त्यांनी या लोकांना ‘मंगोलियन’ म्हटले आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रकार वंशांच्या नावाने पाडले. पुढची शंभर वर्षे हा शब्द चिकटून राहिला. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या बोलण्यातही ‘मंगोल बेबी’ सर्रास असे. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी ‘द लॅन्सेट’ला पत्र लिहून हा शब्द टाकून द्यावा अशी मागणी केली. १९६५ मध्ये मंगोलियानेच जागतिक आरोग्य संघटनेकडे आक्षेप नोंदवला आणि संघटनेने तो शब्द वापरणे थांबवले.

माणूस म्हणून डाऊन यांची बाजू मात्र इतकी सरळ नाही. ज्या काळात अशा रुग्णांना कोंडून ठेवले जाई, त्या काळात त्यांनी त्यांना चांगले कपडे घालून त्यांची छायाचित्रे काढली. १८६८ मध्ये त्यांनी टेडिंग्टन येथे नॉर्मन्सफिल्ड ही संस्था काढली आणि पुढे तिथे रुग्णांसाठी नाट्यगृह बांधले. नियतीचा योग असा, की त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच मुलाच्या घरी डाऊन सिंड्रोम असलेला नातू जन्मला.

कारण सापडायला १९५९ साल उजाडले. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए या तरुण डॉक्टरने अमेरिकेत शिकून घेतलेले पेशी वाढवण्याचे तंत्र वापरले आणि तिला ४७ वे गुणसूत्र दिसले. तिच्याकडे छायाचित्र घेण्याजोगा सूक्ष्मदर्शक नव्हता. सहकारी जेरोम लेज्यून काचपट्ट्या छायाचित्रणासाठी घेऊन गेले. शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा पहिले नाव लेज्यून यांचे होते, गोतिए यांचे नंतर आणि तेही चुकीचे छापलेले. २०१४ मध्ये फ्रान्सच्या ‘इन्सर्म’ या संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीने गोतिए यांचे काम या शोधासाठी अत्यावश्यक होते, असे मान्य केले. त्या २०२२ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी वारल्या.

आयुष्य वाढले कसे?

१९२९ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेले मूल सरासरी नऊ वर्षे जगत असे. प्रतिजैविके आल्यावर न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले. तरीही १९८० च्या दशकापर्यंत आकडा पंचविशीत अडकला होता. त्याची दोन ठळक कारणे होती. युरोप-अमेरिकेत बाळाला जन्मतःच मोठ्या संस्थेत ठेवून ‘विसरून जा’ असा सल्ला डॉक्टरच देत. या संस्थांत गर्दी होती, साथी होत्या आणि जवळ घेणारे कोणी नव्हते. दुसरे कारण म्हणजे जी शस्त्रक्रिया इतर बाळांवर सहज होत असे, ती या बाळांवर केली जात नसे.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे एप्रिल १९८२ मध्ये जन्मलेल्या एका बाळाची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. शस्त्रक्रियेने ती जोडता येत होती. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याने पालकांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि न्यायालयांनीही तो नकार मान्य केला. बाळाला दत्तक घेण्याची तयारी काही कुटुंबांनी दाखवली होती. सहाव्या दिवशी बाळ गेले. हे बाळ ‘बेबी डो’ या नावाने ओळखले जाते. या प्रकरणावर देशभर वादळ उठले आणि दोन वर्षांत कायदा बदलला. केवळ दिव्यांगत्व आहे म्हणून बाळाचे आवश्यक उपचार रोखणे, ही बालकाची हेळसांड ठरली.

डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हृदयाच्या चारही कप्प्यांच्या मध्यभागी छिद्र असणे हा त्यातला खास प्रकार. तो तीन ते सहा महिन्यांच्या वयात दुरुस्त करता येतो आणि निकाल इतर मुलांइतकेच चांगले येतात. आयुर्मानाचा आकडा वर ढकलण्यात या एका शस्त्रक्रियेचा वाटा फार मोठा आहे.

भारतात अडचण वेगळी आहे. इथे प्रचंड संस्थांची परंपरा नव्हती, मूल घरीच राहिले. पण उपचारांना उशीर होतो. हृदयातल्या छिद्रामुळे फुप्फुसांतील रक्तदाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर तो कायमचा होतो. मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. ‘जरा मोठे होऊ दे, वजन वाढू दे’ म्हणत घरच्यांनी काढलेले दोन वर्षे या बाळाला आयुष्यभराला पुरतात.

पहिल्या वर्षात काय पाहावे?

बाळाच्या छातीत आवाज ऐकू आला नाही तरी पहिल्या काही आठवड्यांत टूडी एको करून घ्यावा, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. त्यानंतर थायरॉइड : जन्माच्या वेळी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. थायरॉइड कमी पडला तर मूल सुस्त होते, वाढ मंदावते आणि सगळे खापर डाऊन सिंड्रोमवर फोडले जाते. गोळी मात्र रोजची आणि स्वस्त असते. कान आणि डोळ्यांची तपासणी सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी. या मुलांत ऐकू कमी येण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि ज्याला ऐकूच येत नाही ते बोलणार कसे, एवढी साधी गोष्ट अनेकदा राहून जाते.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार मूल ‘मोठे झाल्यावर’ नव्हे, पहिल्या महिन्यांतच सुरू व्हायला हवेत. ही मुले साधारण दोन वर्षांची होताना चालू लागतात. काही आधी, काही बरीच नंतर.

गर्भावस्थेतील चाचण्या काय सांगतात?

अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यानची सोनोग्राफी आणि ‘डबल मार्कर’ ही रक्तचाचणी, दोन्ही फक्त शक्यता सांगतात. आईच्या रक्तातील बाळाच्या डीएनएवरून होणारी ‘एनआयपीटी’ चाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि ती बरीच अचूक आहे. पण ‘९९ टक्के अचूक’ या जाहिरातीचा अर्थ बहुतेकांना चुकीचा लागतो. समजा, पंचविशीतल्या १२ हजार गर्भवतींनी ही चाचणी केली. त्यात डाऊन सिंड्रोम असलेले सुमारे दहा गर्भ असतील. हजारात एक अहवाल चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ आला, तरी असे बारा अहवाल निघतील. म्हणजे या वयात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या गर्भाला डाऊन सिंड्रोम नसतोच. म्हणून गर्भजल तपासणीने खात्री झाल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नसतो.

निर्णय कोणता घ्यावा, हा कुटुंबाचा, आणि कायद्याने त्या स्त्रीचा, प्रश्न आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने डाऊन सिंड्रोमचे निदान झालेल्या २६ आठवड्यांच्या गर्भाचा गर्भपात करण्याची ३७ वर्षांच्या महिलेची मागणी फेटाळली होती. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती आणि आईच्या जिवाला धोका नसल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही गर्भपात करता येतो. ब्रिटनमध्ये याची दुसरी बाजू न्यायालयात गेली. डाऊन सिंड्रोम असलेल्या हायडी क्राउटर या तरुणीने, गंभीर दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रसूतीपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीला आव्हान दिले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयात ती हरली.

स्त्रीचा अधिकार आणि हायडीचे म्हणणे यांत एकाची निवड करण्याचा आग्रह अनेक जण धरतात. प्रत्यक्षात दवाखान्यात कमी पडते ती माहिती. चाचणीचा अहवाल हातात देताना मतिमंदत्व, हृदयदोष, कमी आयुष्य अशी यादी पाच मिनिटांत वाचून दाखवली जाते. अशी व्यक्ती आज कशी जगते, हे सांगणारे कोणी त्या खोलीत नसते.

ही मुले शिकतात कशी?

१९८० च्या सुमारास इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एका वडिलांचे पत्र आले. त्यांच्या मुलीला, सारा डफन हिला, डाऊन सिंड्रोम होता आणि तिसऱ्या वर्षापासून ती वाचायला शिकली होती. तोवर या मुलांना वाचायला शिकवण्याचा विचारही कोणी करत नव्हते. बकली यांनी त्यावर संशोधन सुरू केले आणि एक गोष्ट पुढे आली : ऐकलेले लक्षात ठेवणे या मुलांना जड जाते, पाहिलेले मात्र चांगले लक्षात राहते. म्हणून अक्षरे जुळवत बसण्याआधी चित्रासोबत अख्खा शब्द दाखवला तर तो त्यांना लवकर कळतो. काही मुले बोलण्याआधी वाचू लागतात आणि वाचनातून बोलू लागतात.

मुलाला समजते बरेच, बोलता येते त्याहून कमी. जिभेचे स्नायू सैल, तोंडाची पोकळी लहान. यामुळे शिक्षक आणि नातेवाईक त्याची समज त्याच्या उच्चारांवरून मोजतात आणि ती नेहमीच कमी भरते. अकरा वर्षांच्या मुलाशी चार वर्षांच्या बाळाशी बोलावे तसे बोलले की तो चिडतो आणि मग त्याला ‘हट्टी’ म्हणतात.

मुंबईत या मुलांच्या शिक्षणाची एक सुरुवात घरातूनच झाली. दीना वकील या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिच्यासाठी शाळा नव्हती. तिच्या आई-वडिलांनी १९४४ मध्ये अशा मुलांसाठी स्वतःच शाळा सुरू केली. तीच आज शिवडीतील जय वकील फाऊंडेशन. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड पालकांची. मुख्याध्यापकांनी ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवणे या कायद्यात बसत नाही, पण ते वाक्य ऐकले नाही असे पालक शोधावे लागतील.

मोठे झाल्यावर काय?

पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली. महेश लिमये दिग्दर्शित या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि गौरीच्या अभिनयाची विशेष दखल घेतली गेली. अशा व्यक्तीची भूमिका नावाजलेल्या नटाने करावी आणि टाळ्या घ्याव्यात, या रिवाजाला मराठीने फार लवकर छेद दिला, हे हिंदीत ‘सितारे जमीन पर’ २०२५ मध्ये आल्यावर आठवले नाही तर नवल.

अमेरिकेचा ख्रिस निकिक ७ नोव्हेंबर २०२० रोजी पूर्ण ‘आयर्नमॅन’ शर्यत पुरी करणारा डाऊन सिंड्रोम असलेला पहिला खेळाडू ठरला. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटर धावणे. वेळ १६ तास ४६ मिनिटे, मुदत १७ तासांची. वाटेत तो सायकलवरून पडला, मुंग्यांनी पाय फोडून काढले. स्पेनमध्ये पाब्लो पिनेडा पदवीधर झाला, तर मार गाल्सेरान २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक कायदेमंडळात निवडून आली.

अशा बातम्या वाचून घराघरांत आशा वाटते, आणि थोडा जाचही. सगळीच मुले आयर्नमॅन होणार नाहीत. इतरांचीही होत नाहीत. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेले तरुण ऑर्डर घेतात आणि पदार्थ टेबलावर आणून ठेवतात. पगार घेऊन घरी जाणे हेही साजरे करण्यासारखेच आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के आरक्षण आहे. त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा गटांसाठी आहे, पण जी कामे या गटाला ‘योग्य’ म्हणून निश्चित झाली आहेत त्यांपुरताच.

‘ही मुले नेहमी आनंदी असतात, देवाची लेकरे’ हा समजही तपासून पाहावा लागतो. २०११ मध्ये अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या १२ वर्षांवरील २८४ जणांना विचारले तेव्हा ९९ टक्क्यांनी आपण आयुष्यात आनंदी असल्याचे सांगितले. सहभागी कुटुंबे संघटनांशी जोडलेली होती, ही त्या पाहणीची मर्यादा. शिवाय आनंदी असणे म्हणजे कधीच दुःखी नसणे नव्हे. भावंडाचे लग्न होऊन ते घर सोडून गेले, शाळा संपून दिवसभर घरी बसावे लागले, की या व्यक्तींनाही नैराश्य येते. बोलून दाखवता येत नसल्याने ते जेवण सोडण्यातून किंवा स्वतःशी पुटपुटण्यातून दिसते आणि घरचे त्याला ‘स्वभाव’ म्हणतात.

‘आमच्यानंतर याचे कोण?’

पंचविशीत आयुष्य संपत असे तेव्हा हा प्रश्न क्वचितच पडे. मूल आधी जाई. आता आई-वडील ऐंशीला टेकलेले आणि मुलगा पन्नाशीचा, अशी घरे वाढत जाणार आहेत. त्यात आणखी एक अडचण आहे. अल्झायमरशी निगडित ‘एपीपी’ हे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे. त्याची तिसरी प्रत असल्याने चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसू लागतात आणि स्मृतिभ्रंश बहुधा पन्नाशीत सुरू होतो. रोज स्वतः आंघोळ करणारा माणूस अचानक गोंधळू लागला तर ‘आता वय झाले’ म्हणून सोडून न देता आधी थायरॉइड, कान, झोपेतील श्वास आणि नैराश्य तपासावे. ही कारणे बरी करता येतात.

बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन उभारलेली ‘आधार’ ही निवासी संस्था याच प्रश्नातून निर्माण झाली. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. सरकारी नोकरीतील पालकांच्या पश्चात स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, मात्र पालक हयात असतानाच त्याची नोंद सेवा कागदपत्रांत करून घेतलेली बरी.

कायद्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग अठराव्या वर्षी येतो. त्या दिवसापासून मूल कायद्याने सज्ञान होते आणि आई-वडिलांची सही त्याच्या वतीने आपोआप चालत नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. आई, वडील, भावंड किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करू शकते. दुसरीकडे २०१६ चा कायदा सांगतो, की जे निर्णय ती व्यक्ती आधाराने स्वतः घेऊ शकते ते तिलाच घेऊ द्यावेत आणि पालकत्व गरजेपुरतेच असावे. चंडीगडमधील एका संस्थेतील सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या गर्भवती तरुणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हाच आधार घेतला होता. तिला मूल हवे होते; न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करण्यास मनाई केली.

स्थानिक स्तर समितीकडे जाताना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जवळ असावे. अनेक घरांत या समितीचे नाव प्रथम कळते ते बँकेच्या काउंटरवर, मुलाच्या नावाचे खाते उघडताना किंवा वडील गेल्यावर त्यांची ठेव मोडताना.